न समजण्याची नोकरी

माझ्या धाकट्या दिरांना शाळेत नोकरी लावली ती मी. उद्या दुसऱ्या कुणी ऐकवण्यापेक्षा मीच आधी सांगून टाकते.

त्या शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे. दाखले लिहायचे, हजेरीपत्रकं जुळवायची, वरच्या कचेरीतून दुसऱ्या भाषेत पत्रं येतात त्यांना त्याच भाषेत उत्तरं द्यायची. ती भाषा मला लिहिता येते, ऐकून समजते, बोलताना मात्र जीभ अडखळते. भाऊजींचं उलट. ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत आणि लिहायला सांगितलं की त्यांना पेन सापडायचं नाही.

भाऊजी सहा वर्षं लांबच्या एका शहरात, मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर होते. येणाऱ्याला किल्ली द्यायची, जाणाऱ्याकडून ती परत घ्यायची आणि मधल्या वेळात हसायचं. ते हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकानं आपली माणसं आणली आणि भाऊजी घरी परतले. सोबत तीन टाय होते आणि ती भाषा. पुढचे आठ महिने ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसून होते. रोज सकाळी दाढी करायची, टाय बांधायचा आणि खुर्चीत बसून नोकरीच्या जाहिराती वाचायच्या.

आमचे हे म्हणायचे, "अरे, घरात टाय कशाला?"

सासूबाई लगेच मध्ये पडायच्या. "असू दे. बोलावणं आलं तर धावपळ नको."

बोलावणं काही आलं नाही. मी भाजी निवडायला बसले की भाऊजी समोर येऊन त्या हॉटेलच्या लिफ्टबद्दल सांगत. काचेची लिफ्ट, आत आरसा, मजल्यागणिक वेगळा सुवास. ती लिफ्ट इतक्या वेळा वरखाली झाली की हा माणूस घराबाहेर पडावा म्हणून मी काहीही करायला तयार होते.

तेवढ्यात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. प्रशिक्षणाहून येताना माणूस एक फाइल आणतो, एक पेन आणतो आणि एक खूळ आणतो. फाइल आणि पेन बाईंनी कपाटात ठेवलं.

"मुलांना भाषा शिकवायची नसते," त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. "मुलांना भाषेत बुडवायचं असतं."

चित्रकलेचे मास्तर निवृत्तीला टेकले होते, त्यांना कुणाची भीड नव्हती. ते म्हणाले, "बाई, शाळा बुडवणारी पोरं आपल्याकडं ढिगानं आहेत. आता बुडवणारे मास्तरही नेमायचे का?"

बाई सोडून सगळे हसले. नेमणूक व्हायच्या आधीच त्या नोकरीला 'बुडवे सर' असं नाव पडलं.

बाईंचं म्हणणं असं होतं. पहिलीचा एक वर्ग निवडायचा. त्या वर्गात शिक्षकानं दिवसभर फक्त दुसरी भाषा बोलायची. शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. दार उघडताना 'दार उघडतो' म्हणायचं, पाणी पिताना 'पाणी पितो' म्हणायचं. इथवर मला पटलं होतं. घरात तान्हं मूल बोलायला शिकतं ते असंच. पण पुढचा नियम ऐकून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. शिक्षकाला मुलांची भाषा समजते, हे मुलांना कळताच कामा नये.

"एकदा कळलं की मूल आळशी होतं," बाई म्हणाल्या. "अडलं तरच तोंड उघडतं. त्यामुळं माणूस बाहेरचाच हवा."

बाहेरचा माणूस आमच्या शाळेच्या पगारात उंबऱ्याशीसुद्धा आला नसता. मी म्हटलं, "बाई, बाहेरून आलेला एक आमच्या घरात आहे."

पंधरा दिवसांत भाऊजी लागले. शाळेच्या फळ्यावर 'परगावचे तज्ज्ञ शिक्षक' असं लिहिलं गेलं. ज्या न्हाव्यानं त्यांचे लहानपणापासून केस कापले, त्याची नात त्याच वर्गात होती. ज्यांनी भाऊजींना गुडघे फोडून घरी येताना पाहिलं होतं, ते लोक आता फाटकाशी आपल्या मुलांना बजावत होते, "सर लांबून आलेत हं, त्यांना आपलं बोलणं कळत नाही." मुलांचं भलं होणार म्हटल्यावर आईबाप कुठलंही सोंग निभावून नेतात. न्हाव्यानं तर भाऊजींचे केस कापताना खाणाखुणा करायला सुरुवात केली.

पहिले दोन महिने भाऊजींनी चांगलं शिकवलं, हे मी नाकारणार नाही. व्हरांड्याच्या टोकाची अडगळीची खोली त्यांना दिली होती. ती त्यांनी झाडून घेतली, खिडक्या पुसल्या, खोके, चमचे, छत्र्या, जुने बूट असलं काहीबाही गोळा केलं. एकदा बादलीभर पाणी आणून सगळ्यांचे रुमाल धुवायला लावले. भिजव, घास, पीळ, झटक, वाळत घाल. तासाभरात मुलं ओली चिंब झाली आणि वीस शब्द पाठ झाले. मी व्हरांड्यातून जाताना एक पोरगं दुसऱ्याला दुसऱ्या भाषेत ओरडत होतं, "माझा दे! माझा दे!" चूक नाही, अडखळणं नाही. ते ऐकून मला भाऊजींचा चक्क अभिमान वाटला.

मग मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याला आपलं बोलणं समजत नाही, त्याच्यासमोर काहीही बोलता येतं.

"सरांच्या नाकात केस आहेत."

"सरांचं लग्न झालं नाही, म्हणून त्यांना रोज एकच टाय घालावा लागतो."

हे सगळं अगदी तोंडावर, आणि भाऊजींनी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायचं. घरी येऊन त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा हसता हसता माझ्या हातातला चहा सांडला. भाऊजींना हसू आलं नव्हतं.

पण लवकरच त्यांना त्यातली गोडी कळली. एक वडील पाण्याची बाटली हरवल्याची तक्रार घेऊन आले. भाऊजींनी दोन्ही हात पसरले, मान तिरकी केली आणि छान हसले. वडीलच ओशाळले आणि निघून गेले. सहा वर्षं काउंटरमागं उभं राहून या माणसानं येईल त्याचं बोलणं समजून घेतलं होतं. आता पहिल्यांदाच लोकांना त्यांच्यासाठी कष्ट पडत होते. न समजणं हाच त्यांचा हुद्दा झाला. तो त्यांनी हळूहळू घरीही आणला.

एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "टाकी भरलीय रे, मोटार बंद कर."

भाऊजी वर्तमानपत्रातून मान वर न करता दुसऱ्या भाषेत म्हणाले, "माफ करा, काय म्हणालात?"

पाणी जिन्यावरून खाली उतरेपर्यंत त्यांना काही समजलं नाही. आमचे हे धावत जाऊन मोटार बंद करून आले. सासूबाईंना राग यायला हवा होता. त्या म्हणाल्या, "काय गोड बोलतो नाही?"

बाजारातही तेच. भाजीवालीशी भाऊजी बोटं दाखवून बोलायला लागले. ती त्यांना चड्डीत होते तेव्हापासून ओळखायची. तिनं बिनदिक्कत दुप्पट भाव लावला. मी तिला हटकलं तर म्हणाली, "परगावच्या माणसाला हाच भाव आहे, ताई. त्याला परवडत नसेल तर आपल्या भाषेत सांगू दे की." भाऊजींनी दुप्पट पैसे दिले, पण तोंड उघडलं नाही.

त्या वर्गात एक चष्मेवाली होती. रंगकाम करणाऱ्याची मुलगी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलायची कमी. तिच्या शेजारी बसणारा मुलगा बस-कंडक्टर बाईंचा. मुलांना ओवायला दिलेल्या मण्यांपैकी एक लाल मणी त्यानं एका सोमवारी स्वतःच्या कानात घातला. का घातला, हे सहा वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही.

चष्मेवालीनं ताबडतोब उठून सरांना सांगितलं, "सर, ह्यानं कानात मणी घातला. निघत नाही." भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं, मग हात कानामागं नेला. म्हणजे, माझ्या भाषेत सांग. तिला मणी हा शब्द येत नव्हता. ती खाली बसली.

हे मला कसं ठाऊक? भाऊजींनीच त्या संध्याकाळी चहा पिताना सांगितलं.

"आज एकानं कानात मणी घातला म्हणे."

"मग काढलात का?"

"मला कुठं समजलं?" असं म्हणून त्यांनी डोळा मारला.

मी कपाळावर हात मारला आणि कप धुवायला घेऊन गेले. बस, तेवढंच केलं. वाटलं, मणी पडला असेल, मुलानं आईला सांगितलं असेल. पण आई चिडेल म्हणून त्यानं घरी चकार शब्द काढला नव्हता. मंगळवारी चष्मेवाली ऑफिसच्या खिडकीशी आली. नाक खिडकीच्या कठड्याच्या वर जेमतेम पोहोचत होतं. "बाई, त्याला ह्या बाजूनं ऐकू येत नाही," ती म्हणाली. बुधवारी त्या प्रशिक्षणवाल्यांपैकी तिघं जण वर्ग बघायला येणार होते आणि मी स्वागताचा कार्यक्रम टाइप करत होते. मी मान वर न करता म्हटलं, "जा, सरांना सांग."

बुधवारी पाहुणे आले आणि मागच्या बाकावर वह्या उघडून बसले. मोठ्या बाई दाराशी, मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागं. चष्मेवाली पुन्हा उठली. रात्रभर घोकून आली असावी. एकेक शब्द जुळवत ती दुसऱ्या भाषेत म्हणाली, "सर. कान. लाल. एक. आत."

भाऊजींचा चेहरा उजळला. "वा! लाल कान!" त्यांनी रंगीत खडू घेतला आणि फळ्यावर एक भलामोठा लाल कान काढला. सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं, "एक लाल कान! एक लाल कान!" पाहुण्यांनी भराभरा लिहून घेतलं. शेजारचा मुलगा कानावर हात धरून बसला होता, त्यानंही म्हटलं. चष्मेवाली तेवढी गप्प उभी होती.

गुरुवारी मुलगा आला नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्याची आई आली. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांचं यंत्र. तिनं मोठ्या बाईंच्या टेबलावर कागदाची एक पुडी उघडून ठेवली. आत लाल मणी होता.

"दोन फेऱ्यांच्या मधे आलेय, मला वेळ नाही," ती म्हणाली. "कानात पू झाला. ताप चढला. डॉक्टर म्हणाले, सोमवारीच आणलं असतं तर चिमट्यानं पटकन निघाला असता. शेजारच्या मुलीनं सरांना सोमवारीच सांगितलं होतं म्हणे. बोलवा त्यांना."

भाऊजी आले. तिनं त्यांच्याकडं वळून विचारलं, "काय रे, ऐकलं होतंस ना?"

मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या, "अहो, सरांना आपली भाषा येत नाही."

"कुणाला? ह्याला? चौथीपर्यंत माझ्या पाटीवरून पाढे उतरवायचा हा!"

मोठ्या बाईंनी डोळ्यांनीच दार दाखवलं. सुट्टीतली पोरं दाराशी गोळा झाली होती, पुढं चष्मेवाली. "मुलं ऐकतायत. वर्षभराची मेहनत आहे हो आमची." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला येते ना ती भाषा? तुम्ही समजावून सांगा ह्यांना, सर काय म्हणतात ते." बाईंना स्वतःला ती भाषा 'सुप्रभात' आणि 'धन्यवाद' यापलीकडं येत नव्हती. सगळी शाळा भाषेत बुडवायला निघालेल्या या बाईंचं पाऊलसुद्धा कधी ओलं झालं नव्हतं.

भाऊजी हात बांधून दुसऱ्या भाषेत बोलू लागले. या पद्धतीत मुलाची तात्पुरती अडचण अपेक्षितच असते, गरजेतून भाषा फुटते, घडल्या प्रकाराबद्दल खेद आहे, वगैरे वगैरे. काउंटरवर खोली रिकामी नाही म्हणून सांगताना असंच बोलत असतील. त्यांचं बोलणं संपलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हटलं, "सर म्हणतायत, मला सोमवारीच सगळं कळलं होतं."

भाऊजींनी माझ्याकडं झटकन पाहिलं. दुसऱ्या भाषेत म्हणाले, "मी असं म्हणालो नाही."

"सर म्हणतायत, घरी चहा पिताना मी ते गंमत म्हणून सांगितलंसुद्धा."

"कृपा करून थांबा," ते दुसऱ्या भाषेतच म्हणाले.

"सर म्हणतायत, बुधवारी पाहुणे यायचे होते. मी मुलाला उचलून दवाखान्यात नेलं असतं, तर मला काही समजत नाही हे कुणाला खरं वाटलं असतं?"

"वहिनी, खोटं बोलू नका!" भाऊजी ओरडले. "मी ह्यातलं एक अक्षर बोललो नाही! तुम्ही मुद्दाम माझी अब्रू घालवताय!"

अगदी खणखणीत आपल्या भाषेत. मग दाराशी एक पोरगं किंचाळलं, "सरांना येतं! सरांना येतं!" आणि सगळी फौज व्हरांड्यातून तेच ओरडत धावत सुटली. चष्मेवाली तेवढी तिथंच राहिली.

तिनं विचारलं, "सर, मग तुम्हाला सोमवारी कळलं होतं?"

भाऊजींनी बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तिला म्हणाले, "तू नीट सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही भाषेत सांगितलं होतं."

त्यावर भाऊजी टायची गाठ चाचपत राहिले. ज्या माणसाला किल्ली मागायचे चाळीस प्रकार तोंडपाठ, त्याला एका लहान मुलीला 'चुकलं माझं' एवढं म्हणता आलं नाही.

मला मनातून बरं वाटत होतं, कबूल करते. ते फार टिकलं नाही. कंडक्टर बाईंनी मणी पुन्हा पुडीत बांधला आणि जाता जाता माझ्यापाशी थांबल्या.

"चहा तुमच्याच घरात झाला ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे सोमवारी संध्याकाळी तुम्हालाही ठाऊक होतं. तुमच्या घरापासून माझं घर तीन थांब्यांवर आहे."

त्या घड्याळ बघत बाहेर पडल्या, त्यांच्या फेरीची वेळ झाली होती.

मोठ्या बाईंनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला: खोटं भाषांतर का केलं? मी लिहून दिलं की भाषांतर खोटं होतं, मजकूर खरा होता. तो कागद त्यांनी फाइलला लावला नाही. मुलाचा कान महिनाभर औषध घालून बरा झाला. अजून त्या बाजूनं हाक मारली की तो जरा उशिरा बघतो. त्या शुक्रवारीच संध्याकाळी मी तीन थांबे जाऊन त्याला भेटून आले होते. कंडक्टर बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण फार बोलल्या नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा?

वर्ग बंद पडला नाही. भाऊजींच्या जागी एक निवृत्त नर्सबाई आल्या. दिवसभर दुसरीच भाषा बोलतात, पण ऐकायचं मात्र कुठल्याही भाषेतलं ऐकतात. कुणी रडत येऊन आपल्या भाषेत पोट दुखतंय म्हणालं की त्या पोटावर हात ठेवतात आणि दुसऱ्या भाषेत विचारतात, "इथं की इथं?" पोरगं रडतारडता त्याच भाषेत म्हणतं, "इथं." मुलं काही आळशी झाली नाहीत. पुढल्या वर्षी चष्मेवालीनं मला दुसऱ्या भाषेत तिच्या वडिलांच्या रंगाच्या डब्यांबद्दल इतकं ऐकवलं की तिला उत्तर देताना माझीच त्रेधा उडाली.

आणि भाऊजी? त्यांचं काय वाईट व्हायचं होतं? त्या तीन पाहुण्यांना लाल कानाचा तास इतका आवडला होता की त्यांनी भाऊजींना आपल्याकडंच बोलावून घेतलं. आता ते गावोगावच्या शिक्षकांना मुलांना भाषेत कसं बुडवायचं ते शिकवत हिंडतात. अनुभवाचा दाखला मोठ्या बाईंनी सांगितला आणि मी टाइप केला. 'मुलांच्या गरजांची सूक्ष्म जाण' हे शब्द टाइप करताना दोनदा चुकले, मग नवा कागद घेतला. निघताना भाऊजी सासूबाईंच्या पाया पडले, माझ्याकडं न बघता बाहेर पडले. त्या दिवसापासून पाच महिने आमचं बोलणं आमच्या ह्यांच्यामार्फत चाललं होतं. मला त्याचा त्रास झाला नाही, लिफ्ट तरी थांबली.

रविवारी सासूबाई त्यांना फोन लावतात. भाऊजी फोन उचलून आधी दुसऱ्या भाषेत आपलं नाव, हुद्दा आणि 'मी आपली काय सेवा करू शकतो' हे सगळं म्हणतात. सासूबाई ते संपेपर्यंत कौतुकानं ऐकत बसतात. मग विचारतात, "जेवलास का रे?"

"हो, जेवलो," भाऊजी म्हणतात. तेवढं त्यांना पहिल्या फटक्यात समजतं.